गायनस्पर्धेचा निकाल आणि त्यानंतरची वाटचाल

स्पर्धेचा निकाल नेमके काय मोजतो? चेन्नईच्या स्टार विजय वाहिनीवरील ‘सुपर सिंगर’चे सहावे पर्व पाहू. २०१८ मध्ये प्रेक्षकांच्या मतदानातून तमिळ लोकगायक सेंथिल गणेश विजेते ठरले. त्यांना ५० लाख रुपयांचे घर मिळाले. रक्षिता सुरेश दुसऱ्या आल्या.

पुढे सेंथिल आणि त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांचे ‘चिन्न मच्चान’ हे गाणे ‘चार्ली चॅप्लिन २’ (२०१९) या चित्रपटातून गाजले. त्याचा बाज लोकगीताचाच होता. रक्षिता यांनी ए. आर. रहमान यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ‘पोन्नियिन सेल्वन’च्या पहिल्या भागात (२०२२) पार्श्वगायन केले.

याचे कारण असे, की येथे कसोट्या दोन आहेत. मत देताना प्रेक्षक आपल्याला जवळचा वाटणारा गायक निवडतो. संगीतकार मात्र विशिष्ट चालीला आणि प्रसंगाला शोभणारा आवाज शोधतो. पहिली कसोटी ओळख मिळवून देते, तर दुसरी काम. म्हणूनच विजेत्याला त्याच्या शैलीचे काम मिळते आणि उपविजेत्याचीही वाट बंद होत नाही. परीक्षेतील क्रमांक आणि नोकरीची मुलाखत यांचे नातेही असेच असते.