खराट्याची लय

धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. मंडळ्यांची कार्यालयं वडशाला, प्रयोग गावोगावच्या रिकाम्या बांध्यांत. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नागभीडजवळच्या एका गावात मी मात्र नटांना सोडून ऑर्गनमास्तरांकडे बघत बसलो.

मास्तर पायानं भाता हलवतात, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. हेच हात दिवसा पडदे रंगवतात. हंगाम सरत आला होता. होळीच्या सुमारास मोह गळू लागतो आणि वणवेही तेव्हाच लागतात. फुलं वेचायला मोहाच्या बुडाशी पडलेला पाचोळा पेटवला की काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं चटकन दिसतात. पण आग तिथं थांबत नाही. कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, सगळं होरपळतं. पलीकडचं घोडाझरीचं जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. नाटकाआधी म्हणायला मास्तर या वणव्यावर गाणं बांधत होते.

आधी त्यात ‘जंगल वाचवा’ होतं. तालमीला बसलेली पोरं जांभया देऊ लागली. समोरच्या अंगणात एक बाई झाडत होती. मास्तर तबलजीला म्हणाले, "त्या खराट्यावर ठेवा." एक फटका, मग पाचोळा सरकल्याची खरखर, पुन्हा फटका. लय सापडली. शब्दही बदलले: फुलं पडण्याआधी मोहाचं बूड झाडून घ्या.

मग पडदा. मास्तरांनी हिरवागार मोह काढला. पाणी घेऊन आलेल्या आजी खदखदून हसल्या. "मोह फुलते तवा झाडाले पान कुठी रायते, मास्तर?"

खरंच की. पानं गाळूनच मोह फुलतो, आणि पेटतात ती हीच पानं. मास्तरांनी मुकाट्यानं राखाडी रंग कालवला, हिरव्यावर उघड्या फांद्या ओढल्या आणि खाली एक खराटा टेकवला.

गाणं ऐकून आजी जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "झाडाले वेळ लागते. वाकून झाडत बसलो आन् वाघ आला त?"

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी वही पुढे ओढली, बराच वेळ भाता नुसताच हलवला आणि दुसरं कडवं लिहायला घेतलं. त्यात चौघी होत्या: तिघी झाडणाऱ्या, एक उभी राहून हाका देणारी. तिच्या हाकेसाठी दर ओळीनंतर त्यांनी चार मात्रा मोकळ्या सोडल्या.