चीक कुठं आहे?

तोडणीच्या दिवसांत जाणता माणूस झाडावरच्या पपईला नखानं हलकासा ओरखडा काढतो. दुधासारखा दाट चीक आला, तर फळ राहू द्यायचं. पातळ, पाण्यासारखं काही ओघळलं आणि सालीवर पिवळी झाक दिसली, की तोडायचं. पपई शिजवायची की चिरून खायची, औषध म्हणून घ्यायची की टाळायची, या सगळ्यांचं उत्तर बरंचसं या चिकातच आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातील सास्तूरचं नाव महाराष्ट्राला कळलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपामुळं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशी दाटीवाटीची वस्ती त्या पहाटे कोसळली. पुनर्वसनात या पट्ट्यातली नवी गावं ऐसपैस आखली गेली आणि घराभोवती मोकळी जागा आली. मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या आणि वर्षभरात फळं देणाऱ्या पपईला तेवढी जागा पुष्कळ झाली. फक्त बुडाशी पाणी तुंबता कामा नये. इथल्या काळ्या, चिकण रानात हीच अडचण. पावसाळ्यात एक-दोन दिवस पाणी साचलं तरी मुळं कुजतात, म्हणून शेतात गादीवाफे आणि ठिबक लागतं. हल्ली बागा बहुतेक ‘तैवान ७८६’ च्या. त्यात नर झाडं निघत नाहीत. जुन्या वाणांत मात्र फुलं येईपर्यंत थांबायचं आणि परागणापुरते थोडे नर ठेवून बाकीचे उपटायचे. माव्यानं पसरणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूपुढं इथलं कुठलंच वाण पुरतं टिकत नाही. रोगट झाड उपटून टाकणं, एवढाच इलाज.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. १५८० च्या दशकात गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोटेन हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्समार्गे मलाक्क्याला आणि तिथून हिंदुस्थानात आल्याचं लिहितो. म्हणजे आपल्या परसात ते फार तर साडेचारशे वर्षांचं. तरी ‘आयुर्वेदानं हजारो वर्षांपासून सांगितलेली पपई’ असलं काहीतरी वाचायला मिळतंच.

चिकातला कामाचा घटक म्हणजे पपेन. हे विकर प्रथिनांच्या साखळ्या तोडतं, म्हणून कच्च्या पपईच्या वाटणात मटण मऊ पडतं. १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादी कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीत हे वाटण हमखास असतं. जिल्ह्याचं जुनं नाव लावणारी उस्मानाबादी शेळी मटणासाठी नावाजलेली, पण जून बोकडाचं मटण चिवट ते चिवटच. त्याला कच्ची पपई सालीसकट वाटून लावायची, कारण चीक सालीलगत जास्त. चुलीवर भांडं तापत असतानाही पपेन काम करत राहतं. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास त्याचा जोर सर्वाधिक असतो, आणि उकळी आली की ते निकामी होतं. मटण रात्रभर मुरवायची हौस इथं नडते. वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो, कारण वाटण आत खोलवर पोचतच नाही.

शाकाहारी स्वयंपाकात चीक आधी घालवतात. साल काढायची, फोडी पाण्यात ठेवायच्या, मग हरभऱ्याची डाळ घालून भाजी करायची किंवा किसून थालीपिठात घालायची. बेकरीच्या केकमधली लाल-हिरवी टुटीफ्रुटी हीदेखील कच्ची पपईच. धुऊन, उकडून, पाकात मुरवून तिची स्वतःची चव इतकी पुसलेली असते, की रंग सांगेल तेच फळ आपण मानतो.

कारखान्यासाठी चीक काढायचा तर पहाटे हिरव्या फळावर उथळ, उभ्या चिरा देतात. ओघळलेला चीक गोळा करून मंद तापमानाला वाळवतात. त्याच चिकातलं कायमोपपेन सरकलेल्या मणक्याच्या चकतीत टोचायला अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली होती. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी झाली, आणि २००३ मध्ये ते बाजारातून गेलं.

गरोदर बाईला पपई द्यायची नाही, हा घरोघरचा दंडक. तो निम्मा खरा आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर पाहिलं, तेव्हा पिकलेल्या फळानं अपाय दिसला नाही. कच्च्या फळाच्या चिकानं मात्र गर्भाशयाच्या ऊतींचं आकुंचन झालं. कच्ची किंवा अर्धकच्ची पपई टाळणं शहाणपणाचं. पिकलेल्या पपईत शंभर ग्रॅमला सुमारे साठ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं. तिचा प्रश्न वेगळा आहे आणि तो डॉक्टरांना विचारून सुटतो.

डेंग्यूच्या दिवसांत पानांवर धाड पडते. पानांच्या रसानं प्लेटलेट वाढल्याचे छोटे अभ्यास आहेत. मलेशियातला २०१३ चा त्यांपैकी एक. पण रुग्ण बरा होऊ लागला की प्लेटलेट आपोआपही वाढतात. डेंग्यूत जीव जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्यानं. त्यावर सलाइन आणि डॉक्टरांची नजर लागते. रसाच्या भरवशावर घरी थांबलेला रुग्ण तेवढा वेळ गमावतो.

बियांचा तिखटपणा मात्र चिकाचा नव्हे. तो मोहरीच्या तिखटाच्या जातीचा आहे, आणि वनस्पतिशास्त्रात पपई व मोहरी एकाच गणात येतातही. वाळलेल्या बिया काळ्या मिऱ्यांत मिसळून खपवतात. पेलाभर पाण्यात टाकून पाहावं: मिरे तळाशी बसतात, बिया वर तरंगतात.