प्रवासाची पुडी बांधण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत एक ठरावीक मागणी सुरू होते. कुणी मामाच्या गावी निघालेले असते, कुणी जावळासाठी कुलदैवताला, कुणी लग्नकार्याला. बरोबर दोन-तीन लहान मुले असतात. "वैद्यराज, उलटी, जुलाब, ताप, खोकला, सगळ्यांच्या पुड्या बांधून द्या," असे सांगून पालक निर्धास्त होतात. औषधालयांतूनही याच दिवसांत 'प्रवासासाठी' म्हणून बरीच चूर्णे व वट्या हातोहात जातात. या पुडीविषयी व्यवसायबंधूंशी दोन शब्द बोलावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : पुडी बांधण्यापूर्वी वैद्याने प्रवासाचे वेळापत्रक विचारावे. मुलांच्या प्रवासातील बऱ्याचशा तक्रारींचे मूळ त्या वेळापत्रकात असते, आणि ते मूळ पुडीने उपटले जात नाही.

वेगधारण : प्रवासातील प्रमुख हेतू

चरकाचार्यांनी अधारणीय वेग तेरा सांगितले आहेत. त्यांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा या पाचांचे धारण मुलाला प्रवासात सक्तीने करावे लागते. पहाटेची गाडी असली की झोप अर्धवट मोडते. शौचाची वेळ गाडीत येते. वाटेत थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी दिले जाते. बसस्थानकावरील शौचालय अस्वच्छ म्हणून मुली तासन्‌तास लघवी रोखून धरतात. परिणामी पोट दुखते, डोके दुखते, मूल चिडचिड करते, आणि गावी पोहोचल्यावर दोन दिवस मलावरोध किंवा लघवीची जळजळ सुरू होते. घरची मंडळी म्हणतात, "पाणी बाधले." वास्तविक पाणी बाधलेले नसते, ते मिळालेलेच नसते.

असे एक कुटुंब आमच्याकडे येत असे. दर सुट्टीत रात्रीच्या गाडीने कोकणात जावे आणि पोहोचताच पाच वर्षांच्या मुलीचे पोट दुखू लागावे, हा क्रम ठरलेला. त्यांना आम्ही औषध दिले नाही. दिवसाचा प्रवास, दर दोन तासांनी थांबा आणि निघण्यापूर्वी निवांत शौचाला वेळ, एवढेच सुचविले. वडिलांना ते प्रथम रुचले नाही, कारण त्यात रजेचा एक दिवस जात होता. आईने मात्र आग्रह धरला. त्या खेपेस मुलीची तक्रार उद्भवली नाही. घरात हा निर्णय कोण घेतो याची चौकशी वैद्याने केली, तर ते रुग्णाच्या हिताचेच ठरते.

झोपेबाबतही असेच. रेल्वेत पाच वर्षांपुढील मुलासाठी स्वतंत्र जागा हवी असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. म्हणून अनेक कुटुंबे अर्ध्या भाड्यात मुलाला आपल्याच जागेवर झोपवितात. प्रत्येकाची ऐपत सारखी नसते, हे आम्ही जाणतो. परंतु लांबच्या प्रवासात ही काटकसर कोठे करावी हे ठरविताना मुलाची झोप हिशेबात धरावी, असे पालकांना सांगणे आपले काम आहे.

वयानुसार विचार

सुश्रुताचार्यांनी केलेले क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद हे वर्गीकरण प्रवासाच्या नियोजनास फार उपयोगी आहे. क्षीरप बालकासाठी मातेचाच आहार सांभाळावा. तिला वेळेवर जेवण, भरपूर पाणी आणि आडोसा मिळाला की बाळाचा प्रवास बहुतांशी निभावतो. पहिले सहा महिने स्तन्याव्यतिरिक्त वरचे पाणीही नको, मग ऊन कितीही असो.

क्षीरान्नाद वयात सर्वाधिक जपावे लागते, कारण मूल दिसेल ते तोंडात घालते. नवा पदार्थ प्रवासात प्रथमच देऊ नये. मऊ भात, मुगाची पेज, साळीच्या लाह्या हे परिचित, लघु अन्न बरे. अन्नाद मुलांना निघताना पोटभर पुरी-भाजी आणि वाटेत वडे, हा क्रम टाळावा.

येथे बाळगुटीचाही उल्लेख आवश्यक आहे. परगावी सहाण कोणत्या पाण्याने धुतली, गुटीत कोणते पाणी पडले, यावर आपले नियंत्रण राहत नाही. म्हणून प्रवासात गुटी बंद ठेवण्यास आम्ही सांगतो. तसेच एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो, हे आता निश्चित झालेले आहे. मधाच्या अनुपानाची परंपरा आपली असली, तरी या वयापुरते अनुपान बदलणे हेच शहाणपणाचे.

गाडी लागणे

घाटातील वळणांनी गाडी लागणे ही तक्रार मुख्यत्वे दोन ते बारा या वयोगटात आढळते. दोन वर्षांखालील मूल वारंवार उलट्या करीत असेल, तर घाटाला दोष न देता अन्य कारण शोधावे. मोठ्या मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, पुस्तक वा मोबाइल पाहू देऊ नये, मोकळी हवा द्यावी, निघण्यापूर्वी अल्प व स्नेहरहित आहार द्यावा. आले-लिंबाचे पाचक किंवा आमसुलाचा तुकडा चघळण्यास देण्यास हरकत नाही. मात्र हा उपचार आसन व आहार यांनंतरचा आहे.

पुडीत काय असावे, काय नसावे

पुडीत सर्वांत आधी असावी ती जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात २०.५ ग्रॅम मिश्रण असते. पाकीट लिटरचे की २०० मिलिलिटरचे, हे विक्रेत्याने तोंडी सांगून द्यावे. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालविल्यास क्षारांचे प्रमाण घातक होऊ शकते. 'ओआरएस' हे नाव मिरविणारी गोड पेये जुलाबात उपयोगाची नाहीत. खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. आपल्या फळीवर जुना माल उरला असल्यास तो काढून टाकावा. जुलाबात ओआरएसबरोबर झिंक देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. लाजमंड व पेज या आपल्या पथ्यकल्पना त्यांच्या जोडीला उत्तम चालतात.

पुडीत नसावेत ते रसकल्प. औषधनियमांच्या अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना छापणे बंधनकारक आहे. दीडशे कोसांवर असलेल्या मुलावर आपली देखरेख कशी राहणार? आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो; तेही लहानग्यांना 'असू द्यावे बरोबर' म्हणून देऊ नयेत.

गावी पोहोचल्यावर

कोकणात मुले घेऊन जाणाऱ्यांना विंचवाविषयी बजावलेच पाहिजे. लाल विंचवाचा दंश लहान मुलांत प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर त्यातील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, तर लेप व मंत्र यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. किंबहुना मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. सर्पदंशालाही हाच नियम. सहा तास लघवी न होणे, मूल सुस्त होणे, शौचातून रक्त पडणे, तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे, या प्रसंगीही पुडी उघडत बसू नये. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

चिठ्ठी द्यावी

असे केल्यास औषधांची विक्री थोडी घटेल, हे उघड आहे. परंतु जी पुडी कोठे थांबावे हे सांगत नाही, ती पालकांना खोटा धीर देते आणि तो धीर उपचाराच्या मोलाच्या तासांवर बेततो. म्हणून प्रत्येक पुडीबरोबर एक लेखी चिठ्ठी असावी : मुलाचे वय व वजन, थांबे व जेवणाच्या वेळा, ओआरएस कालविण्याची रीत आणि रुग्णालयात केव्हा जावे हे. अर्ध्या पानात ती मावते. ती लिहिण्यासाठी लागणाऱ्या दहा मिनिटांचे शुल्क वैद्याने निःसंकोच घ्यावे, कारण सल्ला हेही आपले औषधच आहे.