दवाखान्यामागील सावलीचा परस आणि शरदातील फुले

बहुतेक वैद्यांच्या दवाखान्यामागे किंवा लहान औषधनिर्माणशाळेच्या पाठीमागे एक दुर्लक्षित परस असतो. फुटक्या बरण्या, गंजलेले पिंप, गतवर्षीच्या काढ्यांचा चोथा, मोरीचे पाणी आणि या साऱ्यावर माजलेले आघाड्याचे व केन्याचे रान, हे त्याचे नित्याचे स्वरूप. येथे ऊन येत नाही, सबब येथे काही उगवणार नाही, असा निर्णय पूर्वीच कोणीतरी दिलेला असतो आणि आपण तो तपासून पाहत नाही. आमचाही परस असाच होता. तो शरद ऋतूत फुलता करण्याचा उद्योग आम्ही आरंभिला तो शोभेसाठी नव्हे. त्याचे कारण एका पोत्यात होते.

2012 साली आम्ही तेलपाकासाठी 'सहचर' या नावाने शुष्क पंचांगाचे एक पोते मागविले. क्वाथ झाला, तेल सिद्ध झाले, बाटल्यांवर लेबले लागली. उरलेला माल पुन्हा बांधून ठेवताना सहज हात फिरविला, तर त्यात एकही काटा हाती लागला नाही. आपल्याकडील पिवळ्या कोरांटीच्या पानांच्या बेचक्यात लांब अणकुचीदार काटे असतात. लेबलावर आम्ही जी वनस्पती लिहिली होती तिचे पंचांग काट्यांवाचून असणे शक्यच नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापक स्नेह्यांना माल दाखविला. फुगीर पेरांचे ते कांड स्ट्रोबिलँथिसचे होते. केरळात सहचर म्हणून हीच वनस्पती वापरली जाते. तेव्हा व्यापाऱ्याने फसविले असेही म्हणवत नाही. त्याच्या परंपरेप्रमाणे त्याने बरोबर माल दिला होता. चूक आमची. मागणीपत्रात आम्ही केवळ संस्कृत नाव लिहिले आणि माल आल्यावर पाहिला नाही. लेबल एक आणि आत दुसरे असे तेल विकता येत नाही, म्हणून ते सारे बाजूला काढावे लागले. तिळाच्या तेलाचा भुर्दंड आम्ही सोसला, परंतु अधिक लागले ते दुसरेच. भावप्रकाशातील सैरेयकाचे चारही भेद आम्हांला मुखोद्गत होते. झुडूप मात्र डोळ्यांसमोर कधी नीट उभे केले नव्हते. वनस्पतींचे नाम आणि रूप गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, मात्र तेवढ्याने त्यांचा प्रयोग कळत नाही, असे चरकाचार्य म्हणतात. आमचे नेमके उलटे झाले होते.

ते चार भेद फुलांच्या रंगावर आधारलेले आहेत हे येथे ध्यानात घ्यावे. श्वेत पुष्पाचा तो सैरेयक, रक्त पुष्पाचा कुरबक, पीत पुष्पाचा कुरंटक आणि नील पुष्पाचा तो बाण, दासी किंवा आर्तगल. म्हणजे निघंटुकारांनी ओळखीची खूण फुलात ठेवली आणि आपण खरेदी करतो ते फूल गळून गेलेले, कुटलेले पंचांग. मग खूण पटणार कशी? ती पटण्यासाठी झुडूप वर्षभर दृष्टीसमोर असले पाहिजे आणि ते फुललेले पाहिले पाहिजे. कोरांटीच्या बहुतेक जाती फुलतात त्या पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात. परस शरदातच रंगीत असावा असा आमचा आग्रह आहे तो यामुळे.

शरदाला आणखीही एक स्थान आहे. सर्व कार्यांसाठी सरस औषधी शरदात घ्यावी, वमन-विरेचनाची द्रव्ये मात्र वसंताच्या अखेरीस घ्यावीत, असे शार्ङ्गधर सांगतो. चरकाने त्वचा, कंद व क्षीर यांच्या संग्रहासाठी शरद सांगितला आहे, मुळांसाठी ग्रीष्म किंवा शिशिर, आणि पुष्प-फलांसाठी ज्याचा त्याचा ऋतू. पावसाने पोसलेली वनस्पती या दिवसांत पान, फूल, कांड अशी सर्वांगाने ओळखू येते. ज्येष्ठातल्या सुकलेल्या काड्यांवरून ती ओळखणे भल्याभल्यांना साधत नाही.

आता सावलीविषयी. या बाबतीत आमची पहिली दोन वर्षे वाया गेली. दवाखान्याची इमारत दक्षिणेस आणि परस तिच्या उत्तरेस अशी आमची रचना आहे. मृगाच्या सुमारास आम्ही उभे राहून पाहिले तर भर माध्यान्ही परसात ऊन होते. त्या भरवशावर उन्हाची रोपे लावली. ती आषाढ-श्रावणात वाढली आणि फुलायच्या वेळी, आश्विनात, पिवळी पडली. कारण साधे होते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. पुढे तो दक्षिणेकडे कलत जातो. वीस फूट उंचीच्या भिंतीची माध्यान्हीची सावली 23 सप्टेंबरला सुमारे पावणेसात फूट पडते. ऑक्टोबरच्या मध्यास ती दहा फुटांवर जाते, नोव्हेंबरच्या मध्यास पंधरा फुटांवर आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात अठरा फुटांपर्यंत पोहोचते. म्हणजे उत्तरेकडील परसात ज्येष्ठात जेथे ऊन, तेथे कार्तिकात गर्द छाया. म्हणून वैद्यबंधूंना आमचे सांगणे असे की, लागवड मृगात करावयाची असली तरी सावलीचे मोजमाप आदल्या वर्षीच्या आश्विनात करून ठेवावे. चार खुंट्या आणि एक दोरी एवढे साहित्य त्याला पुरते. सकाळी, दुपारी व सायंकाळी सावलीची कड कोठे येते ते खुणावून ठेवले की परसाचे तीन पट्टे आपोआप पडतात: चार-पाच तास ऊन मिळणारा, तास-दोन तास मिळणारा आणि मुळीच न मिळणारा.

सावली झाडाची असेल तर थोडा उपाय चालतो. आमच्या पूर्वेस शेजाऱ्यांचा जुना आंबा आहे. त्यांच्या अनुमतीने खालच्या तीन फांद्या उतरविल्या, तेवढ्याने सकाळचे ऊन आत आले. आंब्याच्या मुळांत मात्र खणू नये. तेथे कुंड्याच ठेवाव्यात.

सफाईला आम्हांला चैत्र-वैशाख हे दोन्ही महिने लागले. काचा, राडारोडा, प्लास्टिक, आणि लिहिताना संकोच वाटतो, पण काही जुन्या सुयाही निघाल्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आयुर्वेदीय दवाखान्यांनाही लागू आहेत; परस ही त्या कचऱ्याची जागा नव्हे. पाणी धरून ठेवणारे एकूण एक भांडे आम्ही हलविले. 2006 साली चिकुनगुनियाच्या साथीत ज्यांनी रुग्ण तपासले, त्यांना पावसाळ्याअखेर अशा भांड्यांत काय वाढते हे निराळे सांगणे नलगे. नंतर वरची फूटभर माती काढून टाकली, बाहेरून पोयटा माती आणली, तिच्यात तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत मिसळले आणि वाफे वीतभर उंच केले. सावलीत पाणी लवकर आटत नाही. मुळे कुजून रोप जाते ते बहुधा याच कारणाने.

लागवडीत अधिक ऊन मिळणाऱ्या कडेला आम्ही पिवळी कोरांटी लावली. तिच्या मागे, तास-दोन तास उन्हाच्या पट्ट्यात, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांची बिनकाट्याची कोरांटी, म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा. हिला खरे काटे नसतात, परंतु फुलाखालील हिरव्या दलांच्या कडा दातेरी व टोचऱ्या असतात. या दोन झुडुपांचे वाळविलेले नमुने आणि त्या पोत्यातील मूठभर माल आम्ही तीन काचेच्या बरण्यांत शेजारी शेजारी ठेवला आहे. दवाखान्यात येणारे विद्यार्थी त्या बरण्यांसमोर जितका वेळ उभे राहतात, तितका पुस्तकासमोर बसत नाहीत.

चित्रकाची गोष्टही रंगाचीच. पांढऱ्या फुलांचा चित्रक अर्ध्या सावलीत सुखाने वाढतो आणि शरदापासून फुलू लागतो. त्याच्या फुलाखालील चिकट ग्रंथी वस्त्राला लागल्या की फूल अंगरख्यालाच चिकटून येते. ओळखीला ही खूण पुरेशी आहे. लाल चित्रक अधिक गर्द सावली सोसतो, मात्र त्याची फुले पाहण्यास हेमंताची वाट पाहावी लागते. रोपवाटिकेत 'निळा चित्रक' म्हणून जे देखणे, फिकट निळ्या फुलांचे झुडूप मिळते, ते मूळचे दक्षिण आफ्रिकेतील शोभेचे झाड होय. परसाला त्याने रंग येतो, म्हणून आम्हीही एक लावले. परंतु ग्रंथोक्त कृष्णचित्रक समजून त्याचे मूळ कोणी उपयोगात आणू नये. तसेही चित्रकाचे ओले मूळ उकरताना हातांना काही गुंडाळून घ्यावे, कातडीवर फोड येतात.

मोरीच्या बाजूला ओल कायम असते. तेथे सोनटक्का भाद्रपदापासून असा काही फुलला की बाह्यरुग्णांच्या बाकापर्यंत गंध येऊ लागला. येथेही एक गल्लत संभवते. सोनटक्का आणि कपूरकचरी एकाच वंशातील आहेत खऱ्या, परंतु शटी म्हणून जी कपूरकचरी आपण घेतो ती हिमालयाकडील जात. परसातील सोनटक्क्याचा कंद तिच्या जागी चालणार नाही.

अगदी गर्द छायेत फुलांचा हट्ट सोडावा. तेथे पिंपळीचा वेल भिंतीच्या पायथ्याशी पसरला आहे आणि त्याच्या पुढे मंडूकपर्णी. महाराष्ट्रात ताजी ब्राह्मी म्हणून घरोघरी हीच मंडूकपर्णी, सेंटेला, ओळखली जाते, तर भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बाकोपा. रुग्णाला आपण 'ब्राह्मी घ्या' असे म्हणतो तेव्हा तो कोणती घेतो? दोन्ही शेजारी लावल्या की प्रश्न एका क्षणात मिटतो. लांब देठाची, वृक्काच्या आकाराची पाने ती मंडूकपर्णी. लहान, जाड, समोरासमोर जुळलेली बिनदेठाची पाने आणि फिकट निळसर फुले ती बाकोपा. बाकोपाला फुलण्यासाठी ऊन लागते, म्हणून ती उन्हाच्या कडेला उथळ टाकीत ठेवली आहे. त्या टाकीत गप्पी मासे सोडावेत, अन्यथा डासांचे आगर आपणच निर्माण केल्यासारखे होईल.

राहता राहिला तेरडा. औषध म्हणून त्याचे आम्हांला विशेष प्रयोजन नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो खरे, पण गौरींपासून सर्वपित्रीपर्यंत परसाला रंग असतो तो त्याचाच. कोरांटी फुलेपर्यंतची उणीव तो भरून काढतो. त्याच्याजोडीला अबोली. कळलावी मात्र आम्ही लावली नाही. तिच्याइतके रंगाचे फूल शरदाच्या तोंडावर दुसरे नाही हे मान्य. परंतु लांगली ही औषधी कायद्याच्या विषद्रव्यांच्या सूचीतील वनस्पती आहे, आणि आमच्या परसात रुग्णांची मुले खेळतात.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली तो. परस फुलला त्या दुसऱ्या वर्षी आमच्या साहाय्यकाने मोरीच्या कडेची मंडूकपर्णी खुडून एका रुग्णाच्या स्वरसासाठी खलात घेतली. हेतू चांगला होता, पान ताजे, हिरवेगार होते. आम्ही तो स्वरस टाकून दिला. वारूळ, कुत्सित स्थान, दलदल, स्मशान, खारवट जमीन आणि रस्ता या ठिकाणच्या औषधी कार्यसाधक होत नाहीत, असे शार्ङ्गधराने स्पष्ट सांगितले आहे. आपला परस 'कुत्सित' या शब्दात बसतो. वर्षानुवर्षे ज्या भूमीत सांडपाणी मुरले, रंगाचे डबे आणि पिंपे गंजली, ती फूटभर माती बदलल्याने शुद्ध झाली असे आम्ही मानत नाही. मंडूकपर्णी आणि बाकोपा या दोन्ही वनस्पती पाण्यातील व मातीतील जड धातू शोषून घेतात, हे आधुनिक परीक्षणांतूनही दिसून आले आहे. सांडपाण्याच्या कडेला त्या सर्वांत जोमाने वाढतात, भीती आहे ती नेमकी तेथेच. औषधनिर्माणशाळांच्या चालकांनी याचा विशेष विचार करावा. परसातील चार किलो पाल्यासाठी एका संपूर्ण घाण्याची शुद्धता पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे. ज्यांना परसातील द्रव्य वापरावयाचेच असेल, त्यांनी मातीची व पाण्याची जड धातूंसाठी परीक्षा करून घ्यावी आणि मोरीचे पाणी बंद नळीतून बाहेर काढावे. आमची बाकोपा आता स्वच्छ मातीच्या टाकीत आहे, तिला नळाचे पाणी मिळते. तरी परीक्षा होईपर्यंत तीही आम्ही वापरीत नाही.

प्रत्येक झुडपापाशी पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर संस्कृत व मराठी नाव, शास्त्रीय नाव देवनागरीत, आणि त्या वर्षी पहिले फूल कोणत्या तिथीस आले ते खडूने लिहिलेले. नवीन माल आला की पोत्यातील मूठभर द्रव्य हाती घेऊन आधी परसात जावयाचे आणि नंतरच पावतीवर सही करावयाची, असा आता दवाखान्याचा शिरस्ता आहे. गेल्या कार्तिकात असे एक पोते परत गेले. व्यापाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिले.

कोरांटीची बोंडे पक्व झाली की तडकून बी दूर फेकतात, म्हणून ती तपकिरी होताच कागदी पिशवीत खुडून घ्यावीत. आमच्याकडे पिवळ्या आणि जांभळ्या दोन्हींचे बी माघापर्यंत जमते. ज्या वैद्यबंधु-भगिनींना ते हवे असेल त्यांनी सभेच्या वेळी सांगावे. पांढऱ्या चित्रकाच्या छाट्या मात्र मृगानंतरच देता येतील.