मोक्ष नको म्हणणारे तुकोबा

परवा कीर्तन संपल्यावर शेजारच्या मुलीने विचारलं, "काका, तुकोबांना मोक्ष का नकोय?" प्रश्न अगदी नेमका!

धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ आपल्याला पाठ असतात. पण जुन्या ग्रंथांत बऱ्याचदा पहिले तीनच, म्हणजे त्रिवर्ग. कामसूत्राच्या आरंभीचं वंदनही या तिघांनाच आहे.

वारकरी संत चौथ्याच्याही पुढे गेले. कीर्तनाच्या शेवटी म्हणतात त्या अभंगात तुकोबा मुक्ती आणि धनसंपदा दोन्ही नाकारतात. संतसंग मिळणार असेल तर पुन्हा गर्भवासही चालेल त्यांना!

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातला भक्त तर मोक्ष हातात आल्यावरही भक्तीच्याच वाटेने चालतो आणि तो मोक्ष जगाला वाटून देतो. इतका धीट विचार मला दुसरीकडे सापडलेला नाही.