नेपाळी, बांगलादेशी, निर्वासित, घुसखोर: वाडीच्या ग्रुपवर सगळे एकाच टोपलीत

हेडफोन हाताशी नसेल किंवा नेटवर्क गेलं असेल (पावसात आमच्या रत्नागिरीत हे नेहमीचंच), तर या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे वाहवत गेलो, तिथे काटछाट केली आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. तो म्हणतो, "दादा, आमच्या वाडीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. बाहेरची माणसं कामावर ठेवू नका, सगळे बांगलादेशी घुसखोर आहेत. आमच्या बागेत दोन नेपाळी भाऊ आहेत, चार वर्षं येतायत. बाबा म्हणतात, नको ती कटकट, या वर्षी त्यांना नाही सांगून टाकू. काय करायचं?"

प्रश्न दोन माणसांच्या पोटाचा आहे आणि एका घराच्या हंगामाचाही. म्हणून नीट उलगडून बघू.

आधी आपल्याकडे कोण येतं ते बघू

रत्नागिरीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. पावसाळा सरला की नेपाळी कामगार यायला लागतात. कलमांना मोहोर येतो तेव्हा फवारणी, मग माकडांपासून आणि चोरांपासून राखण, मार्चपासून काढणी, पेट्या भरणं. मे संपला की बरेचसे परत जातात. आपण त्यांना सरसकट "गुरखा" म्हणतो आणि बऱ्याचदा नावही विचारत नाही.

दुसरी जागा बंदर. मिरकरवाड्यावर सकाळी जाऊन उभे राहा, बोटींवर नेपाळी बोलणारे खलाशी दिसतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. वेळेवर खलाशी आले नाहीत तर बोट बंदरातच उभी राहते. मालकाचं बँकेचं हप्त्याचं गणित तिथेच बिघडतं.

तिसरी जागा म्हणजे चिरेखाणी आणि बांधकामं. तिथे कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगालचे मजूर असतात. आणि हो, रत्नागिरी जिल्ह्यात चिरेखाणीवर काम करणारे, कागदपत्रं नसलेले बांगलादेशी नागरिक पकडलेही गेले आहेत. ती अफवा नाही, तशा कारवाया झाल्या आहेत. घोळ होतो तो पुढे. खाणीवरची बातमी वाचून आपण बागेतल्या माणसाकडे संशयाने बघायला लागतो.

चार वेगळी माणसं

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. ॲपमध्ये दोन गोष्टी वेगळ्या तपासतात. तू कोण आहेस, आणि तुला आत काय करायची परवानगी आहे. ग्रुपवरचा मेसेज या दोन्हींपैकी काहीच तपासत नाही. तो फक्त चेहरा आणि बोली बघतो.

एक, दुसऱ्या राज्यातला भारतीय. बंगालमधला मजूर रत्नागिरीत "बाहेरचा" वाटला तरी तो परदेशी नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार भारताच्या नागरिकाला देशात कुठेही जाऊन राहता येतं.

दोन, नेपाळी. हा परदेशी नागरिक आहे, पण घुसखोर नाही. ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या कलम ७ नुसार दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची, ये-जा करण्याची मुभा आहे. सीमा सुमारे १,७५० किलोमीटरची आणि खुली. नेपाळमधून जमिनीवरून येणाऱ्या नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. मतदान मात्र करता येत नाही.

तीन, विनापरवाना आलेला परदेशी. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला. १९४६ चा जुना परकीय नागरिक कायदा आणि आणखी तीन कायदे त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट आणि व्हिसाशिवाय देशात शिरलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एक महत्त्वाचं: "मी परदेशी नाही" हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच असते. जुन्या कायद्यातही तसंच होतं.

चार, निर्वासित. म्हणजे युद्ध, छळ यामुळे जीव वाचवायला पळून आलेला. इथे गंमत अशी की भारताच्या कायद्यात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. म्हणजे आसरा मिळणार की नाही हे त्या त्या वेळच्या सरकारच्या निर्णयावर. १९५९ पासून तिबेटी, १९८३ पासून श्रीलंकेतले तमिळ यांना मिळाला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं आली, बहुतेक युद्धानंतर परत गेली. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना मात्र सरकार बेकायदा स्थलांतरित मानतं.

न्यायालयं काय म्हणतात

१९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम २१, म्हणजे जीविताचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही आहे. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की देशात राहण्याचा हक्क फक्त नागरिकांना, पण परत पाठवायचं तर ठरलेल्या प्रक्रियेनेच. दोन्ही एकत्र वाचा. सरकार परत पाठवू शकतं, पण कुणालाही कसंही उचलून नाही.

आणि आधार कार्ड? ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असणं म्हणजे नागरिक असणं नव्हे. म्हणजे "आधार दाखवलं, विषय संपला" हे चूक, आणि "आधार खोटंच असणार" हेही चूक.

भीती अगदीच खोटी आहे का?

नाही. हे मोकळेपणाने बोलायला हवं, नाहीतर घाबरलेल्या माणसाशी बोलणंच होत नाही.

आपण किनाऱ्यावर राहतो. १९९३ ची स्फोटकं रायगडच्या शेखाडीला समुद्रातून उतरली. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोरही समुद्रातून आले, तेही एक मासेमारी बोट पळवून. त्यानंतर मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली. बोटीवर कोण चढतंय याची नोंद हवी, यात कुणावर अन्याय नाही.

खोट्या कागदांचं प्रकरणही आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी एसआयटी नेमली. कागद विकणारा दलाल आणि तो सही करून देणारा माणूस आपल्यातलाच असतो, हे मात्र फॉरवर्डमध्ये नसतं.

मजुरीचा मुद्दाही खरा आहे. रानात रात्री एकट्याने राहायला कमी पैशात माणूस मिळत गेला, तर स्थानिक माणसाचा दर वाढत नाही. पण आपल्या वाडीतली पोरं कुठे आहेत? मुंबईत, पुण्यात, किंवा माझ्यासारखी लॅपटॉपसमोर. बागेत खोपटीत सात-आठ महिने राहायला मीही तयार नाही.

आता दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात "बांगलादेशी" म्हणून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं पुढे आल्यावर त्यांना परत आणावं लागलं. विचार करा, कागद आहेत, देश आपलाच आहे, आणि रात्री तुम्हाला सीमेपलीकडे सोडलं. बोलीवरून माणूस ओळखला की असं होतं.

राजकारणात यावर दोन टोकं आहेत. एक बाजू म्हणते, मतांसाठी घुसखोरांना पाठीशी घातलं जातं. दुसरी म्हणते, घुसखोर शोधायच्या नावाखाली एकाच धर्माच्या गरिबांना त्रास दिला जातो. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरचा वादही इथूनच पेटला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना त्याने नागरिकत्वाची वाट दिली, मुस्लिमांना त्यातून वगळलं. समर्थक म्हणतात, शेजारी देशांत छळ या अल्पसंख्याकांचाच होतो. विरोधक म्हणतात, नागरिकत्वाला धर्माची अट लावणं घटनेत बसत नाही. माझं मत विचाराल तर, आधी निर्वासितांसाठी एक स्पष्ट कायदा हवा. कुणाला आसरा, कुणाला नाही, कोण ठरवणार, अपील कुठे, हे लिहिलेलं असलं की वाडीच्या ग्रुपवर निकाल लावायची गरज कमी होईल.

महाराष्ट्राने आधी काय केलंय

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले, त्याच छावण्यांचं उल्हासनगर झालं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वस्ती आहे, १९७० च्या दशकापासून.

आणि आपल्या शहरात? थिबा पॅलेसला सहलीला गेला असाल. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० मध्ये, राजा इथेच १९१६ मध्ये वारला. कुटुंब परत गेलं, पण त्याची नात टुटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, साध्या घरात. २००० मध्ये ती गेली तेव्हा ती इथलीच होती. थिबा मर्जीने आला नव्हता, तो कैदी होता, त्यामुळे आजच्या निर्वासिताशी त्याची सरळ तुलना नको. पण बाहेरून आलेलं घर दोन पिढ्यांत इथलं कसं होतं, हे रत्नागिरीने पाहिलंय.

आणि आपण स्वतः?

मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या बऱ्याच अंशी रत्नागिरीच्या माणसांवर. त्यांना चाकरमानी म्हणायचे, आणि कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचे. पुढे राजापूर, खेड, चिपळूणची माणसं आखातात गेली. पासपोर्ट मालकाकडे, खोलीत आठ जण, हे ऐकत आपल्यातली कितीतरी पोरं मोठी झाली.

आता माझ्या पिढीकडे या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एचवनबी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केलं, तेव्हा माझ्या बॅचच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते. "आम्ही टॅक्स भरतो, नियमाने आलो, तरी आम्हाला नोकऱ्या चोरणारे म्हणतात." त्यातल्याच एकाने आठवड्याने "बाहेरच्यांना हाकला"वाला फॉरवर्ड टाकला. मी त्याला फोन केला. अर्धा तास बोललो. तो पटला नाही, पण मेसेज त्याने काढला.

मग त्या दोन भावांचं काय?

श्रोत्याला माझं उत्तर असं. त्यांना कामावर ठेवणं बेकायदा नाही. त्यांचं नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र बघा, फोटो आणि झेरॉक्स जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. आमच्या घरी दरवर्षी हेच करतो, फार तर एक सकाळ जाते. पगार वहीत लिहा आणि दोघांच्या सह्या ठेवा, म्हणजे फसवणूक कुणाचीच नाही. त्यांच्या घरचा फोन नंबर घ्या. बागेत साप चावला किंवा कुणी कलमावरून पडलं, तर कळवायचं कुणाला?

कागद दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर पोलिसांना सांगा. स्वतः चौकशी, दमदाटी, व्हिडिओ काढून टाकणं, यातलं काही करू नका. ते आपलं काम नाही.

आणि बाबांना एक विचारा: चार वर्षांत त्या दोघांनी काही वावगं केलं का? केलं नसेल, तर एका मेसेजवर त्यांचा हंगाम का बुडवायचा?

तुमच्या बागेत, बोटीवर, सोसायटीत हा प्रश्न आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत बसवा. तुम्ही स्वतः परदेशात असाल तर तिकडचा अनुभवही सांगा. पुढच्या भागात आपण बघणार आहोत, भाडेकराराची नोंदणी नेमकी कशी करतात आणि ती टाळल्यावर काय होतं. तोवर काळजी घ्या, भेटू!