तलावाच्या पाळीवरून पवनीकडे

सिहोऱ्याच्या परिसरात इतिहास शिकवायचा तर पहिला तास तलावाच्या पाळीवर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. चांदपूरचा जलाशय पाहायला लांबून माणसं येतात, पण गावोगावचे जुने तलाव आणि बोड्या कोणी बांधल्या, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. धानाच्या बांधीला पाणी पुरावं म्हणून इथल्या पोवार आणि कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं. तुडुम, सलंग हे तलावाच्या कामाचे शब्द आजोबांच्या तोंडी आहेत आणि नातवाच्या प्रकल्पवहीत मात्र रायगडाचं छापील चित्र चिकटवलेलं आहे. रायगड हवाच. पण तो विकत आणलेल्या चित्रातून कळत नाही.

एकच प्रश्न घ्या : मालगुजारी असताना आपल्या तलावाचं पाणी कोण वाटायचं? १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पुढे गाळ कोणी काढला, पाळ कोणी राखली? याची उत्तरं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कांच्या जुन्या नोंदींत शोधावी लागतात, म्हाताऱ्यांना विचारावी लागतात. कागद एक सांगतो, आजी दुसरंच सांगते. मग खरं काय, हे ठरवताना नववीतली मुलगी इतिहासकाराचंच काम करत असते. आजीचं बोलणं तिने झाडीबोलीतच उतरवावं. ते प्रमाण मराठीत आणलं की निम्मा पुरावा गळतो.

इंग्लंडमध्ये १९७२ पासून शालेय इतिहासाच्या एका मोठ्या प्रकल्पाने हेच केलं, मुलांच्या हाती पुरावे दिले. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात १९८२ साली सुरू झालेल्या एकलव्य संस्थेने सामाजिक शास्त्राची पुस्तकं सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या सोबतीने घडवली. आपलं दहावीचं पुस्तकही मागे नाही. उपयोजित इतिहास, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे पाठ त्यात आहेत. हे पाठ घोकून घेतले, तर ते का घातले हेच हरवतं.

सहलीचंही तसंच. सिहोऱ्याहून एका दिवसात पवनी होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे जगन्नाथ टेकडीचं उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. मुलांनी जाण्याआधी ब्राह्मीची दहा अक्षरं गिरवलेली असली, तर ती सहल जन्मभर पुरेल. त्याहून जवळ तुमसर तालुक्यातला आंबागड आहे : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या सरदाराने बांधलेला, पुढे भोसल्यांनी तुरुंग म्हणून वापरलेला. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत तर कित्येक मुलांचे वडील काम करतात. कोणत्या देशातल्या पोलादासाठी इथली माती उपसली गेली, हा जगाच्या इतिहासातलाच प्रश्न आहे.

हे एकट्या शिक्षकाने होणार नाही. लहान शाळेत इतिहासाला एकच शिक्षक, आणि त्याच्याकडे भूगोल नाहीतर भाषाही. म्हणून सिहोरा, बपेरा, तुमसर इथल्या शिक्षकांनी तिमाहीला एकदा एकत्र बसावं. एकाने तलावाची प्रश्नावली करावी, दुसऱ्याने आंबागडाची. गणिताच्या शिक्षकाने पाळ मोजून द्यावी, मराठीच्या शिक्षकाने मुलाखती तपासाव्यात. पुढच्या वर्षी वह्या फेकू नयेत, नव्या मुलांच्या हाती द्याव्यात. पाच वर्षांत परिसराचं दप्तर उभं राहील.

घाई का, तेही सांगतो. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. त्या निवडणुकीत मत टाकलेली माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत आणि त्यांची आठवण कुठल्याच पुस्तकात नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, दंडार रंगेल, बाहेरगावी गेलेली माणसं घरी येतील. शिक्षक मित्रांनो, सुटीचा अभ्यास म्हणून मुलांना पाच प्रश्न लिहून द्या आणि त्यांना त्या म्हाताऱ्यांजवळ बसवा. या वर्षीच.